तुमच्या बाजूचा चौथा खांब

तुम्ही गेलात त्याला सव्वा महिना झाला, आणि मी अजून दर दोन तासांनी तुमची कूस बदलायला उठते. खोलीत येते, मोकळी जागा बघते, परत फिरते. पलंगसुद्धा उरलेला नाही. दवाखान्यासारखा तो वरखाली होणारा पलंग आपल्या अनिकेतने ज्याचा त्याला परत केला. तरी पाय वळतातच. चौदा महिने तुम्ही त्या पलंगात अडकलेले होतात आणि मी त्या दोन तासांत. भाजी आणायला गेले तरी नजर घड्याळावर. प्रतापनगरच्या चौकापलीकडे नागपूर आहे की नाही, याचाही मला विसर पडला होता.

दहा दिवस तुमच्या बांधकाम खात्यातली माणसं भेटायला येत होती. निवृत्त झालेले, अजून नोकरीत असलेले, तुमच्या हाताखाली शिकलेले. सगळ्यांनी एकच सांगितलं. साहेब म्हणजे नियमाचा माणूस, नकाशाच्या बाहेर एक इंच नाही. अनिकेतला ते ऐकून बरं वाटत होतं. मला मात्र उठून आतल्या खोलीत जावंसं वाटायचं. का, ते तुम्हाला आणि मला माहीत होतं. आता आणखी काही जणांना माहीत झालं आहे. ते कसं झालं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मेंदूचा झटका आला तेव्हा तुम्ही बेसिनपाशी दाढी करत होतात. एक गाल झाला होता, एक राहिला होता. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुमच्यापाशी डोळे आणि पापण्या एवढंच उरलं होतं. "त्यांना सगळं समजतं," डॉक्टर म्हणाले, "फक्त बाहेर काढता येत नाही." त्या वाक्याचं काय करावं ते मला सुचेना. मग मला जे येत होतं तेच केलं. कार्डशीट आणली, जुनी पेनं धुतली आणि अक्षरांचा तक्ता आखला. पहिल्या ओळीत स्वर, मग क ख ग, मग च छ ज. शेवटच्या ओळीत आकडे. मी ओळीवर बोट ठेवायचं, तुम्ही पापणी मिटायची. मग ओळीतल्या एकेका अक्षरावर बोट. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. काना-मात्रा आपण दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिल्या. एका 'पाणी'ला दहा मिनिटं लागत होती. नुसतं 'प ण' पुरलं. पेजेत मीठ कमी पडलं तेव्हा तुम्ही 'म ठ' म्हणालात आणि मी किती दिवसांनी हसले. आणि 'क ह न'. तुमचं काटोलचं 'काहून'. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरात सगळे 'का बरं' म्हणायचे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी तुमच्या 'काहून'ला हसायचे, आणि आता त्या तीन अक्षरांसाठी मी तक्त्यावर बोट धरून बसायचे.

आपली ओळख झाली तेव्हा तुम्ही साइटवर कनिष्ठ अभियंता आणि मी ऑफिसात अनुरेखक, म्हणजे ट्रेसर. तुम्ही लोकांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे शाईने उतरवायचे, खाली कोपऱ्यात आपली आद्याक्षरं घालायची. आपलं जमलंही त्यातूनच. तुम्ही दर पंधरवड्याला साइटवरून यायचात, बुटांत वाळू, आणि माझ्याच टेबलापाशी काहीतरी विचारायला थांबायचात. जे विचारायचात ते नकाशावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं.

तो पूल आपल्या लग्नानंतरचा. पुलाचं नाव इथे लिहीत नाही. महामार्गावरचा, नागपूरहून दीड तासावरचा, नऊ खांबांचा. तुम्ही तिथे दोन उन्हाळे काढलेत. काम संपल्यावर शेवटचा नकाशा करायचा असतो, पूल प्रत्यक्षात जसा बांधला गेला तसा. साइटवरचे साहेब त्यासाठी बदलांची यादी देत. इथे सळई बदलली, तिथे पाया हातभर खाली गेला. कुणाची यादी एक पान असायची, कुणाची चार पानं. तुमची यादी आलीच नाही. मी घरी विचारलं. अनिकेत तेव्हा पोटात होता, पाचवा महिना.

"नऊ खांबांत एकही बदल नाही?"

"नाही."

"सगळं नकाशात आहे तसंच झालं ना?"

तुम्ही ताटावरून उठलात. "काहून विचारून राहिली वं सारखं? नकाशात हाय तसं उतरव ना! तुले कोन विचारते?"

तुम्ही माझ्यावर असे कधी ओरडला नव्हतात. त्या ओरडण्यावरूनच मला कळलं की काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून नकाशात होतं तसं उतरवलं, खाली आद्याक्षरं घातली आणि शाई वाळू दिली. बत्तीस वर्षं आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. आपण इतके नीट वागलो एकमेकांशी!

एकदाच ते वर आलं होतं. अनिकेत शाळेत होता. एका सकाळी जमीन हलली. फार नाही, फडताळातली भांडी वाजली, शेजारचे लोक रस्त्यावर आले, पाचेक मिनिटांनी सगळे हसत हसत परत घरात गेले. तुम्ही हसला नाहीत. चहा तसाच ठेवलात, घरातल्या स्लिपरवरच स्कूटर काढलीत. संध्याकाळी परत आलात तेव्हा पायाला वाळू होती. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कुठे होतात?" तुम्ही म्हणालात, "पाहून आलो." बस. जेवताना अनिकेतने विचारलं की बाबा, आपल्याकडे भूकंप येतो का. "नागपुरात कुठं भूकंप येते," तुम्ही म्हणालात. "खाणीतलं ब्लास्टिंग असन." आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसलात.

या एप्रिलच्या अखेरीस इंगळे आली. शीतल इंगळे, तुमच्याच खात्यातली उपअभियंता, कामठीची. छत्तीस-सदतीसची असेल. जुन्या नकाशाची एक छापील प्रत तिच्या हातात होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. तिने कोपऱ्यातल्या आद्याक्षरांवरून मला शोधत शोधत घर गाठलं होतं. आत आल्यावर तिला कळलं की ज्यांनी पूल बांधला ते सरही याच घरात आहेत. तुमच्याकडे बघून ती गडबडली. मी म्हटलं, बोल, त्यांना सगळं ऐकू येतं.

तिने खुर्ची तुमच्याजवळ ओढली आणि कामाचं सांगितलं. मोठा भूकंप सोसता यावा म्हणून महामार्गावरचे जुने पूल मजबूत करायचे आहेत. गर्डर, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळया, खांबावरून सरकून पडू नयेत म्हणून वर अडथळे बसवायचे, आणि खांब जिथे कच्चे असतील तिथे भोवती नवं लोखंड बांधून काँक्रीटचं जाकीट घालायचं.

मी तुमचंच वाक्य तिला ऐकवलं. "पण नागपूरला कुठे भूकंप येतो?"

"नाही येणार, काकू. मानलं," ती म्हणाली. "पण तिकडं नर्मदेच्या पट्ट्यात आला तर? तिकडं अँब्युलन्स कुठून जाईल? क्रेन कुठून जाईल, रक्त कुठून जाईल? सगळं इथूनच ना. अन् तेवढा धक्का इथपर्यंत पोचला अन् रस्त्यातला एकच पूल बसला, की मागचा अख्खा रस्ता बेकार. लोकं तिकडं दबून राहतील अन् आपण इकडं नदीच्या काठावर गाड्या लावून उभे राहू."

'दबून राहतील' म्हणाली तेव्हा तुमच्या पापण्या हलल्या. मी पाहिलं.

तिची अडचण साधी होती. खांबांचा वरचा भाग यंत्राने तपासता येतो. पण पायाजवळचा भाग वाळूखाली गाडलेला, आणि खरा जोर तिथेच येतो. नऊच्या नऊ खांब पावसाळ्याआधी खणून बघणं शक्य नव्हतं. म्हणून एखादा खांब उघडायचा आणि बाकीच्यांसाठी नकाशावर विसंबायचं. तिने तो नकाशा तुमच्या डोळ्यांसमोर धरला. माझ्या हातचा नकाशा.

"सर, खाली ह्या नकाशात आहे तसंच बांधलंय ना?"

तुम्ही पापणी हलवलीच नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी नाही. कूलर चालू होता, त्याचं पाणी ठिबकत होतं, आणि आम्ही दोघी तुमच्या डोळ्यांकडे बघत बसलो होतो. मग तुम्ही पापणी मिटलीत. एकदा. आणि पुन्हा एकदा.

नाही.

मी तक्ता आणला. या वेळी बोटाऐवजी पट्टीने ओळी दाखवल्या. र. ग. क. म. इंगळेला कळेना. मला कळलं. रिंगा कमी.

खांबाच्या उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या रिंगा. नकाशात त्या चार-चार इंचांवर आहेत. मीच त्या शंभर रेघा मारल्या होत्या. नुसतं वजन पेलायला त्या कमी असल्या तरी खांब उभा राहतो, बत्तीस वर्षं ट्रक गेले तरी काही होत नाही. आडवा धक्का बसला तरच त्या लागतात. तुमची चूक फक्त भूकंपालाच सापडली असती.

"कोणता खांब, सर?"

आकड्यांच्या ओळीवर तुम्ही चारवर पापणी मिटलीत. मी पुढे विचारलं नाही, तरी तुमचे डोळे तक्त्यावरच होते म्हणून पट्टी फिरवली. प. ण. पाणी. त्या जूनमध्ये वर कुठेतरी लवकर पाऊस झाला होता आणि नदी चढायला लागली होती, एवढं मला आठवत होतं. त्या दिवशी खांबाचा पायाजवळचा भाग भरला नसता तर वर्ष गेलं असतं. रिंगा पोचल्या नसतील. तुम्ही होत्या तेवढ्यांवरच काँक्रीट भरलंत. हे मी जुळवलेलं आहे. तुम्ही फक्त 'प ण' म्हणालात.

इंगळेने नकाशाची गुंडाळी केली. तुमच्या हाताला कळत नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने त्यावर हात ठेवला. "सर, हे कोणी सांगत नसते," म्हणाली. "लोकं बोलू शकतात तरी सांगत नाहीत."

त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात. छातीत कफ भरला, आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच झालं. त्या अकरा दिवसांतलं थोडं शेवटी लिहिते. आधी पुलाचं पुरं करते.

तुमच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी इंगळेचा फोन आला. उन्हाने नदी पार आटली होती आणि त्यांनी चौथा खांब पायापर्यंत खणून, वरचं काँक्रीट फोडून पाहिला होता.

"काकू, चांगली बातमी आहे. रिंगा बरोबर चार इंचांवर आहेत. एकही कमी नाही. सरांना औषधांमुळं भ्रम झाला असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आता मी खड्डा बुजवते, बाकीचे खांब नकाशाप्रमाणं धरते."

मी फोन ठेवला आणि रडले. अनिकेत आतून धावत आला. त्याला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं, अगदी ताटावरून उठण्यापासून. तो माझ्याजवळ खाली बसला. "म्हणजे बाबांनी काहीच केलं नव्हतं," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं उगाच." मीही मान हलवली.

खरं सांगते, फोनवर इंगळे बोलत होती तेव्हाच मला कळलं होतं. पहिल्यांदा तुम्ही मला साइटवर नेलं होतंत तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आला. थंडीचे दिवस, गुडघाभर पाण्यातून मी साडी सावरत पलीकडे आले, कारण तुमचा तंबू, तुमचं मिक्सर, तुमचे मजूर, सगळं पलीकडच्या काठावर. तिथे उभं राहून तुम्ही मला खांब दाखवलेत. हा पहिला, हा दुसरा. मी म्हटलं, हा तर नववा, नकाशात नागपूरच्या बाजूने मोजतात. तुम्ही किती हसलात. "नकाशा तुह्या हापिसात ऱ्हायते वं. पूल मी इकडून बांधून राहिलो."

तुमचा चौथा म्हणजे नकाशातला सहावा.

चार दिवस मी हे कुणालाही सांगितलं नाही. सकाळी उठायचे, पोळ्या करायचे, दोन तासांनी रिकाम्या खोलीत जाऊन यायचे. इतकं सोपं होतं. मला काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तर मला बत्तीस वर्षांपासून येत होतं. तुमचं नाव साफ झालं होतं. इंगळेला वाटत होतं भ्रम, अनिकेतला वाटत होतं उगाच सोसलेलं दुःख. आणि बोलले तर? जे सांगून तुम्ही मोकळे झालात, तेच तुमच्या माघारी मी दुसऱ्यांदा सांगायचं. तुमच्या वतीने कबुली द्यायची. तुम्ही नाही म्हणायला उरला नाहीत.

तिसऱ्या दिवशी ढग आले होते. थोडेसेच, आणि गेले. पण माझ्या डोक्यातून पाऊस जाईना. तो खड्डा बुजला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात कोण कशाला उघडणार? मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला वाटलं, खिडकी उघडी आहे, दार उघडं आहे, आणि आपल्याला बाहेर पडता येत नाही. तुम्हाला चौदा महिने असंच वाटलं असेल का?

चौथ्या दिवशी अनिकेतला सांगितलं. तो बराच वेळ मोबाइल उलटासुलटा करत राहिला.

"आई, कोणी विचारणार नाही."

"माहीत आहे."

"त्या मॅडमनी स्वतः सांगितलं ना की बरोबर आहे? मग झालं. बाबांबद्दल लोक काय काय बोलत होते, तू ऐकलंस ना? ते सगळं तुला..." त्याने मोबाइल पालथा ठेवला.

"त्यांनी स्वतः सांगितलं, अनिकेत. शुद्धीवर असताना. पापण्यांनी. एकेक अक्षर करून सांगितलं. ते वेडे नव्हते. मी गप्प बसले तर सगळे त्यांना वेडे म्हणतील, आणि मी त्यांना म्हणू देईन."

तो उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. "त्या मॅडमला फोन कर," म्हणाला. "मीच घेऊन जातो."

इंगळेला दुसऱ्या बाजूने मोजायला सांगितलं तेव्हा तिने तिथेच खांब उलटे मोजले. मग ती म्हणाली, "काकू, थांबा. खड्डा बुजवणारं मशीन आज सकाळीच उभं केलंय. त्याला तिकडं पाठवते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सहावा खांब खणून झाला होता. ऊन असं की वाळूकडे बघवेना. बारा-तेरा फूट खोल, तळाशी पाणी झिरपत होतं आणि पंप ते उपसत होता. इंगळे नको नको म्हणत होती, पण अनिकेतने माझा हात धरला आणि मी शिडीने खाली उतरले. वर आमच्या डोक्यावरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकला खांबातून एक बारीक थरथर उतरायची. बत्तीस वर्षांत मी त्या पुलावरून गेले असेन पंचवीस वेळा, पण काम संपल्यावर खाली कधी आले नव्हते.

मजुरांनी वरचं काँक्रीट फोडलं होतं. उभ्या सळ्या दिसत होत्या, आणि त्यांच्याभोवती रिंगा. एक. मग बरंच मोकळं. मग दुसरी. इंगळेने टेप लावला नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. मी हात पसरून दोन रिंगांच्या मध्ये ठेवला. माझी पूर्ण वीत मावली आणि वर बोटभर जागा उरली.

"बरोबर सांगितलं होतं सरांनी," ती म्हणाली. मी हात तिथून काढून घेतला. ते खोटं ठरावं अशी आशा माझ्या मनात शेवटपर्यंत होती, हे मला तेव्हा कळलं.

"अजून वर फोडा," तिने मजुरांना सांगितलं. "कुठपर्यंत असं आहे ते पाहू दे."

साडेतीन फुटांवर एक सांधा लागला. तिथपर्यंतचा भाग त्या जूनमधला. वरचा भाग पावसाळ्यानंतर, रिंगा पोचल्यावर भरलेला. वरचं काँक्रीट निघालं तशी इंगळे वाकून बघायला लागली. वरच्या रिंगा चार इंचांवर नव्हत्या. दोन इंचांवर होत्या. एकीला एक चिकटून, बोट शिरणार नाही अशा, कितीतरी.

"एवढ्या काहून बांधल्या बे?" एक मजूर दुसऱ्याला म्हणाला.

इंगळे सरळ झाली. "काकू, इथं याचा काही उपयोग नाही. गरज खाली होती. वर दुप्पट बांधून खालचं भरून निघत नाही, हे सरांना माहीतच असणार." तिने त्या रिंगांवरून बोट फिरवलं. "तरी बांधल्यात."

अनिकेतने त्या रिंगा मोजल्या. मग खालच्या मोजल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा घाबरले होते गं." बत्तीस वर्षांचे तुम्ही, पहिला मोठा पूल, नवा संसार. तो आता तुमच्या तेव्हाच्या वयाचा आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तुमच्या खांबाभोवती नवं लोखंड बांधलं, पायाच्या दगडात भोकं पाडून सळ्या पुरल्या आणि काँक्रीट भरलं. शेजारचे दोन खांबही तेवढ्यात उघडून पाहिले. ते ठीक होते. पाऊस त्यानंतर आला. इंगळेने फोटो पाठवला. खांब आता तळाशी जाड दिसतो, बाकीच्यांपेक्षा वेगळा. अहवाल लिहिताना तिने फोन करून विचारलं की माहिती कोणी दिली ते लिहायचं असतं, काय लिहू? मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. "चूक कोणाची तेही त्यातच येईल, काकू," ती म्हणाली. मी म्हटलं, येऊ दे. आणि अनुरेखक म्हणून माझंही लिही. मी विचारलं होतं आणि उत्तर न मिळताच सही केली होती.

आता माझं. हे इंगळेला सांगितलेलं नाही, अनिकेतलाही नाही.

इंगळे गेली त्या दुपारी तुम्ही तक्त्याकडे बघत होतात. तुम्हाला आणखी काही सांगायचं होतं. मी तुमचे डोळे पाहिले आणि तक्ता उचलून कपाटात ठेवला. दार लावलं. नंतरचे दोन दिवस मी तुमचं सगळं केलं, पुसलं, भरवलं, कूस बदलली, औषधं दिली, आणि तक्ता काढला नाही. तुमचे डोळे कपाटाकडे जायचे, मी पदराने तुमचं तोंड पुसायचे. मला वाटत होतं, बत्तीस वर्षं माझ्याशी गप्प बसलात ना, आणि एका परक्या बाईने विचारलं तर एका दुपारीत सांगितलंत. मग राहा आता गप्प. जिथून बाहेर येता येत नव्हतं, तिथे मी तुम्हाला बाहेरून कडी घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तक्ता काढला. तुम्ही रागावाल असं मला वाटलं होतं. मी तयारच होते. तुम्ही ओळ निवडलीत. थ. मग क. मग ल. मग पुन्हा क.

थकली का.

मी म्हटलं, "नाही हो," आणि पेज आणायला गेले. तुम्ही पुन्हा काही विचारलं नाहीत, आणि त्या दुपारी काय सांगायचं होतं ते मीही विचारलं नाही.

थकले होते. पण तक्ता मी थकले म्हणून ठेवला नव्हता. मी रागावले होते. तुम्हाला शिक्षा करत होते, आणि तुम्ही ते ओळखूनही मला थकली का एवढंच विचारलंत. खोटं मी बोलले. तुमची माफी मागायला मला आठ दिवस होते, आणि तुम्ही समोर होतात, ऐकत होतात.